तेरा राज्यांची अमेरिका पॅसिफिकपर्यंत कशी पोचली : एका मोजणीदाराचे उत्तर

प्रश्न असा आला आहे : १७८३ साली अमेरिका म्हणजे अटलांटिकच्या बाजूची तेरा राज्ये. पुढच्या सत्तर वर्षांत तिची हद्द पॅसिफिकला जाऊन भिडली. लुइझियाना नेपोलियनकडून कवडीमोलाने घेतले, मेक्सिकोला हरवून कॅलिफोर्निया घेतला, मधला मुलूख रिकामाच होता. एवढीच गोष्ट आहे का?

एवढीच नाही. मी ओहायोत जमीन मोजणीचे काम करतो. त्याआधी महाराष्ट्रात हेच करत होतो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण इथे एखादी मिळकत मोजायला घेतली की जुने दस्त काढावे लागतात. विक्रीमागची विक्री, वाटणीमागची वाटणी असे मागे जात राहिले की बहुधा शेवटी एक कागद हाती लागतो : अमेरिकी सरकारने पहिल्या खातेदाराला दिलेले पेटंट, म्हणजे मालकीची सनद. त्याच्या मागे दस्त नसतो. मग सरकारकडे ही जमीन आली कुठून, हा तुमचाच प्रश्न उभा राहतो. त्यामुळे मी उत्तरही त्याच बाजूने देणार आहे.

शाळेच्या नकाशात हा विस्तार रंगीत तुकड्यांनी दाखवतात : १८०३ लुइझियाना, १८१९ फ्लोरिडा, १८४५ टेक्सास, १८४६ ओरेगॉन, १८४८ मेक्सिकोचा मुलूख, १८५३ गॅड्सडेन खरेदी (तीही मेक्सिकोकडूनच). साले बरोबर आहेत, पण त्यात दोन व्यवहारांची गल्लत होते. एक व्यवहार अमेरिका आणि दुसरे एखादे सरकार यांच्यातला. दुसरा, त्या जमिनीवर प्रत्यक्ष राहणाऱ्या लोकांशी झालेला. पहिला कागदावर उरकला. दुसरा शंभर वर्षे चालला, आणि जो काही रक्तपात, खर्च आणि कपट झाले त्यातले बहुतेक त्या दुसऱ्या व्यवहारात झाले.

लुइझियानाचेच घ्या. किंमत दीड कोटी डॉलर, क्षेत्र सुमारे ८,२८,००० चौरस मैल, म्हणजे एकरी तीन सेंट. पण फ्रान्सने विकले काय? मिसुरी नदीच्या खोऱ्यात फ्रान्सचा ना अंमल होता ना वसूल. तिथे लाकोटा, ओसेज, पॉनी, मँडन असे लोक राहत होते आणि त्यांना या सौद्याचा पत्ताही नव्हता. फ्रान्सने विकला तो हक्क वेगळाच होता : या लोकांकडून जमीन घ्यायची झाली तर ती आम्हीच घेणार, दुसऱ्या कुणी मध्ये यायचे नाही. १८२३ साली सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ‘जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश’ या खटल्यात हेच कायद्याच्या भाषेत मांडले. मूळ रहिवाशांकडे फक्त वहिवाटीचा हक्क. तो विकत घेण्याचा किंवा संपवण्याचा अधिकार एकट्या अमेरिकी सरकारला. खटल्यातले दोन्ही पक्ष गोरे. एकाचा हक्क टोळ्यांकडून स्वातंत्र्यापूर्वी थेट केलेल्या खरेदीतून आलेला, दुसऱ्याकडे सरकारी पेटंट. पेटंटवाला जिंकला. ज्यांच्या जमिनीबद्दल हा निकाल लागला, त्यांच्यापैकी कुणी कोर्टात पक्षकार नव्हते. आजही अमेरिकेतली जमीनमालकी या निकालावर उभी आहे.

तेव्हा तीन सेंट हा फार तर पहिला हप्ता. पुढे त्याच मुलखातल्या एकेका टोळीशी करार करत सरकारने पुन्हा पैसे मोजले, कबूल केलेले बुडवलेही, आणि जिथे करार जमला नाही तिथे फौज पाठवली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. विस्ताराची खरी यंत्रणा या सगळ्या खरेद्यांच्या आधीच तयार झाली होती, आणि तीही कर्जाच्या पायी.

१७८३ च्या पॅरिसच्या तहाने ब्रिटनने मिसिसिपी नदीपर्यंतचा दावा सोडला. नव्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कर बसवायचा अधिकार नव्हता, डोक्यावर युद्धाचे कर्ज होते, सैनिकांचे पगार थकले होते. हाती विकण्याजोगी एकच गोष्ट, अपालाचियन डोंगरांपलीकडची जमीन. पण तिच्यावर व्हर्जिनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट अशा राज्यांनी ब्रिटिश राजाच्या जुन्या सनदा दाखवून हक्क सांगितला होता. मेरिलँडसारख्या राज्याकडे अशी सनद नव्हती. मेरिलँडने सरळ अडवून धरले : मोठ्या राज्यांनी पश्चिमेकडचे दावे सोडल्याशिवाय आम्ही संघराज्याच्या करारावर सही करणार नाही. १७८० मध्ये काँग्रेसने ठराव केला की सोडलेल्या मुलखातून नवी राज्ये होतील आणि त्यांचे हक्क जुन्यांइतकेच असतील. १७८४ पर्यंत व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या उत्तरेकडचा दावा सोडून दिला. लहान राज्याने मोठ्यांना अशी कात्री लावली नसती तर कदाचित आज व्हर्जिनियाची हद्द शिकागोपर्यंत असती.

मग आला २० मे १७८५ चा जमीन वटहुकूम. माझ्या धंद्याचा पाया तोच. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी टाउनशिप. तिचे छत्तीस सेक्शन. प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. कमीत कमी भाव एकरी एक डॉलर. सोळा नंबरचा सेक्शन गावच्या शाळेसाठी राखीव. ३० सप्टेंबर १७८५ रोजी थॉमस हचिन्स यांनी ओहायो नदीच्या उत्तर काठावर, पेनसिल्व्हेनियाची पश्चिम हद्द नदीला मिळते तिथून, पश्चिमेकडे पहिली साखळी ओढली. साखळी गुंटरची, ६६ फुटांची. ८० साखळ्यांचा मैल. आपली शंकू साखळी बरोबर तिच्या निम्मी, ३३ फुटांची, म्हणून चाळीस गुंठ्यांचा एकर इथेही तोच एकर भरतो. काम असे चाले : दोघे साखळी धरत, एक होकायंत्र बघे, एक कुऱ्हाडीने वाट मोकळी करी. कोपऱ्यावर खुंट ठोकायचा, जवळची दोन-तीन झाडे तासून त्यांवर खूण करायची, आणि वहीत लिहायचे : पांढरा ओक, अमुक इंच जाड, खुंटापासून अमुक दिशेला, इतक्या कड्यांवर. ती साक्षीदार झाडे. झाडे कधीच गेली, पण वह्या शिल्लक आहेत, आणि हरवलेला कोपरा शोधताना आम्ही अजून त्या उघडतो.

त्या वर्षी हचिन्सची रेघ जेमतेम चार मैल गेली. पलीकडे मूळ रहिवाशांनी हल्ला केल्याच्या बातम्या आल्या आणि पथक माघारी फिरले. मुलूख रिकामा होता म्हणणाऱ्यांनी पहिल्याच रेघेचा हा इतिहास ध्यानात ठेवावा.

महाराष्ट्रातली मोजणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना एक फरक लगेच दिसेल. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून जी पाहणी सुरू केली, तिने शेतकऱ्याचे आहे ते शेत, आहे तो बांध धरून सर्व्हे नंबर पाडले. म्हणून आपले नकाशे वाकडेतिकडे. इथे आधी रेघ, मग माणूस. रेघ नदी बघत नाही, टेकडी बघत नाही, कुणाची मक्याची शेते किंवा दफनभूमी मध्ये आली तर तीही बघत नाही. विमानातून आयोवा किंवा कॅन्सस बघा, चौकटच चौकट दिसेल. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून ठरावीक अंतरावर रेघ पुन्हा सरळ करून घ्यावी लागते. तिथे सरळ चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळून परत सरळ होतो. नवख्या ड्रायव्हरला कोड्यात टाकणारी ती वळणे साखळीचीच करणी.

चौकटींचा फायदा काय झाला? ‘अमुक प्रमुख रेखावृत्त, अमुक टाउनशिप, अमुक रेंज (टाउनशिपांची उभी ओळ), सेक्शन बारा, वायव्य चौथाईची नैऋत्य चौथाई’ एवढे लिहिले की जगात एकच चाळीस एकरांचा तुकडा निघतो. बॉस्टनमध्ये बसलेला माणूस न बघता तो विकत घेऊ शकतो, गहाण ठेवू शकतो, परत विकू शकतो. याच्या उलट केंटकीत व्हर्जिनियाची जुनी पद्धत होती : ओढ्यापासून अक्रोडाच्या झाडापर्यंत, तिथून अमक्याच्या कुंपणापर्यंत अशी चतुःसीमा. एकाच जमिनीवर तीन-तीन हक्क बसले. अब्राहम लिंकन यांच्या वडिलांनी १८१६ मध्ये केंटकी सोडून ओहायो नदीपलीकडे इंडियाना गाठले. त्याचे मुख्य कारण केंटकीतले मालकीहक्कांचे घोळ, असे लिंकन यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

यंत्रणेचा दुसरा भाग १३ जुलै १७८७ चा वायव्य प्रदेशाचा वटहुकूम. माझ्या मते स्वतंत्र अमेरिकेच्या पहिल्या दशकात राज्यघटनेखालोखाल महत्त्वाचा कागद हाच. आधी काँग्रेसने नेमलेला गव्हर्नर. पाच हजार प्रौढ स्वतंत्र पुरुष झाले की निवडून दिलेले विधिमंडळ. साठ हजार वस्ती झाली की मूळ तेरांच्या बरोबरीचे राज्य. शिवाय गुलामगिरीला बंदी. युरोपातल्या सत्ता वसाहती करत आणि वसाहतवाल्यांना कायम खालच्या पायरीवर ठेवत. अमेरिकेचे बंड त्याच रागातून झाले होते. इथे डोंगर ओलांडून गेलेल्या माणसाला खात्री होती की आज ना उद्या आपलाही सिनेटर वॉशिंग्टनला जाईल. त्यामुळे तो फुटून निघाला नाही. ओहायो १८०३, इंडियाना १८१६, इलिनॉय १८१८, मिशिगन १८३७, विस्कॉन्सिन १८४८, अशी राज्ये पडत गेली.

त्याच कागदात हेही लिहिले होते की मूळ रहिवाशांशी नेहमी सचोटीने वागले जाईल आणि त्यांच्या संमतीविना त्यांची जमीन घेतली जाणार नाही. शाई वाळेपर्यंत तरी ते खरे होते. संमती नव्हती म्हणून लढाई झाली. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी वाबाश नदीपाशी लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालच्या टोळ्यांनी जनरल सेंट क्लेअर यांची फौज सकाळच्या काही तासांत कापून काढली. सहाशेहून जास्त सैनिक पडले. पुढे १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला मूळ रहिवाशांशी लढताना अमेरिकी सेनानी कस्टर पडला त्याची गोष्ट इथे सर्वांना ठाऊक, पण हा पराभव त्याच्या दुपटीहून मोठा होता. १७९४ मध्ये अमेरिकेने नवी फौज उभारून फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली, आणि पुढच्या वर्षी ग्रीनव्हिलच्या तहात आजच्या ओहायोचा मोठा भाग लिहून घेतला. साखळीवाले लगेच मागोमाग गेले.

आता तुकड्यांकडे भराभर येतो.

लुइझियाना मिळाले त्यात वॉशिंग्टनच्या चातुर्यापेक्षा हैतीचा वाटा मोठा आहे. ओहायो खोऱ्यातले शेतकरी धान्य, डुकराचे मांस तराफ्यांवर घालून मिसिसिपीने न्यू ऑर्लिन्सला नेत. १८०२ मध्ये तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने माल उतरवायची परवानगी बंद केली, आणि स्पेनने तो मुलूख गुपचूप फ्रान्सला दिल्याचे तोवर फुटले होते. अध्यक्ष जेफरसन यांना हवे होते फक्त न्यू ऑर्लिन्स आणि जमल्यास फ्लोरिडा. पण हैतीतल्या गुलामांचा उठाव मोडायला नेपोलियनने पाठवलेली फौज लढाईत आणि पीतज्वरात संपली. सेनापती लक्लेर, नेपोलियनचा मेहुणा, तोही दगावला. साखरेचे बेटच हातचे गेल्यावर त्याला धान्य पुरवणारी लुइझियाना काय कामाची? ब्रिटनशी युद्ध तोंडावर, पैशाची गरज. एप्रिल १८०३ मध्ये फ्रेंचांनी विचारले, सगळेच घेता का? पैसे उभे करून दिले लंडनच्या बेअरिंग आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी, म्हणजे ब्रिटिश पेढीच्या मदतीने नेपोलियनच्या हाती पैसा आला! आणि ज्यांच्यामुळे हे घडले त्या हैतीला अमेरिकेने मान्यता दिली थेट १८६२ मध्ये.

फ्लोरिडासाठी स्पेनला एक डॉलरही मिळाला नाही. अमेरिकी नागरिकांचे स्पेनवरचे पन्नास लाखांपर्यंतचे दावे अमेरिकेने स्वतः भागवायचे, एवढेच ठरले. ओरेगॉनचा तंटा ब्रिटनशी १८४६ मध्ये ४९ व्या अक्षांशावर मिटला. या दोन्हींत फार अडकू नये.

दक्षिणेत मात्र थांबायला हवे. कापसातली सरकी काढायचे यंत्र आले आणि जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपीची काळी जमीन सोन्याच्या भावाची झाली. तिथे चेरोकी, क्रीक, चोक्टॉ, चिकसॉ यांची गावे, शेते होती. चेरोकींची तर लिखित राज्यघटना आणि स्वतःच्या लिपीतले वर्तमानपत्रही होते. १८३० मध्ये त्यांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. जॉर्जियाने काय केले बघा : चेरोकी अजून घरात राहत असतानाच त्यांची जमीन मोजून १६० एकरांचे, आणि सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे तुकडे पाडले आणि १८३२ मध्ये गोऱ्या नागरिकांत चक्क लॉटरीने वाटले. चिठ्ठी लागलेला माणूस येऊन दारात उभा. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस हा करार आम्ही केलेला नाही म्हणून सांगत राहिले, तरी मूठभर लोकांच्या सह्यांचा १८३५ चा करार सिनेटने मंजूर केला. १८३८-३९ च्या त्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे १६,००० चेरोकींपैकी चार हजारांच्या आसपास माणसे दगावली, असा अंदाज आहे. रिकामा मुलूख म्हणतात तो असा रिकामा केला गेला.

टेक्सासही जमिनीच्या भावाचेच प्रकरण. अमेरिकेत सरकारी जमीन १८२० नंतर एकरी सव्वा डॉलर रोख. मेक्सिको मात्र वसाहतीसाठी येणाऱ्या गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला चार हजार एकरांवर जमीन नाममात्र शुल्कात देत होता. दक्षिणेकडचे लोक गुलामांसकट आले. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली, केंद्राचा लगाम आवळला, आणि १८३६ मध्ये टेक्सास फुटून स्वतंत्र झाले. १८४५ मध्ये अमेरिकेत दाखल होताना त्याने आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. म्हणून टेक्सासचा नकाशा काढला की माझी चौकटीची सवय कुचकामी ठरते, तिथे ‘व्हारा’ या जुन्या स्पॅनिश मापाने मोजलेले पट्टे सापडतात. पुढच्याच वर्षी हद्द न्युएसेस नदी की रिओ ग्रांदे या वादावरून युद्ध पेटवले गेले. फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने मेक्सिकोने दीड कोटी डॉलरच्या बदल्यात कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख सोडला. टेक्सास धरून देशाचा जवळजवळ निम्मा भाग गेला. कॅलिफोर्नियात सोने सापडून तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि सही करणाऱ्यांना ते माहीत नव्हते.

तहात मेक्सिकन जमीनमालकांच्या हक्कांचा मान राखू असे वचन होते. १८५१ च्या कायद्याने त्यांनाच आपला हक्क आयोगापुढे सिद्ध करायला लावले. पुरावा म्हणजे हाताने काढलेला कच्चा नकाशा, त्यात एक टेकडी, एक ओढा, एक मोठे झाड. दावे आठशेच्या वर. बरेच मालक शेवटी जिंकले, पण वकिलांच्या फीपायी तोवर त्यांचे रँचो, म्हणजे गुराढोरांचे मोठे मळे, गहाण पडले होते, आणि मध्ये येऊन बसलेले लोक हलायला तयार नव्हते. तिकडे आपल्या दख्खनमध्ये १८५२ च्या कायद्याखाली इनाम कमिशन नेमके हेच करत होते : पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटदाराला म्हणायचे, सनद दाखव.

मॅनिफेस्ट डेस्टिनी, म्हणजे हा खंड आमच्यासाठीच नेमून दिलेला आहे ही भाषा, १८४५ ची. मी तिला फारसे वजन देत नाही. तोवर साखळी साठ वर्षे चालत होती.

यंत्रणेत एक दोष मात्र होता. राज्य घडवायचे म्हणजे दोन सिनेटर द्यायचे, आणि ते गुलामगिरीवाले की मुक्त, हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा. १८२० मध्ये ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशावर गुलामगिरीची हद्द म्हणून रेघ ओढून तो टाळला. १८४८ च्या नव्या मुलखाने परत उकरला. कॅन्ससमध्ये १८५४ नंतर त्यावरून खून पडले. यादवी युद्धाची कारणे शोधताना हा जमिनीचा धागा सोडून चालत नाही.

त्या युद्धापायी दक्षिणेचे प्रतिनिधी काँग्रेसमधून उठून गेल्यावर १८६२ मध्ये अडलेले कायदे धडाधड पास झाले. होमस्टेड कायदा : पाव सेक्शन, १६० एकर, पाच वर्षे राहून कसा आणि पेटंट घ्या. एकट्या बाईला, आणि नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या परदेशी माणसालाही. या कायद्याखाली एकूण सत्तावीस कोटी एकर गेले. पण रेल्वे कंपन्यांनाही रुळांच्या दोन्ही अंगांना एक आड एक सेक्शन फुकट मिळाले, आणि पुष्कळदा चांगली जमीन त्यांच्याकडूनच विकत घ्यावी लागे. वायोमिंगमध्ये तो बुद्धिबळाचा पट अजून आहे आणि एका खासगी चौकोनाच्या कोपऱ्यावरून पुढच्या सरकारी चौकोनात पाऊल टाकणे अतिक्रमण होते का, यावर अलीकडेही कोर्टबाजी झाली.

शेवटी चौकट मूळ रहिवाशांच्या उरलेल्या राखीव मुलखातही घुसली. १८८७ च्या डॉस कायद्याने सामाईक जमीन मोडून कुटुंबागणिक तुकडे दिले आणि उरलेली ‘जादा’ म्हणून बाहेरच्यांना विकली. टोळ्यांच्या हाती १८८७ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ मध्ये ४ कोटी ८० लाख. आणि १८९८ मध्ये स्पेनकडून प्वेर्तो रिको घेतल्यावर, बरोबरीचे राज्य करण्याचे १७८७ चे तत्त्व तिथे लावायचे नाही असे कोर्टाच्या निकालांनी ठरवले; ते आजही राज्य नाही.

हे सगळे जुने झाले असे समजू नका. १८३० च्या दशकात क्रीक लोकांना हाकलून ओक्लाहोमात जी हद्द दिली, ती काँग्रेसने रीतसर कधी मोडलीच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ‘मॅकगर्ट’ खटल्यात सांगितले. टल्सा शहराचा बराच भाग त्या हद्दीत येतो. घर हातचे गेले असे काही जणांना वाटले; तसे झालेले नाही. खासगी मालकी सामाईक जमीन मोडून केलेल्या वाटपाच्या दस्तांतून उतरत आली आहे, तिला धक्का लागला नाही. बदलले ते गुन्ह्याचा खटला कुणी चालवायचा हे. म्हणजे तिथल्या मोजणीदाराला आता एकाच नकाशावर मालकाची रेघ एक आणि राष्ट्राची रेघ दुसरी, अशा दोन्ही दाखवाव्या लागू शकतात.